तुम्ही कोणाच्या बाजूने?

मराठी मुसलमानाला खेळाच्या बाबतीत एक प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो खेळाबद्दल नसतो. "आज तुम्ही कोणाच्या बाजूने?" भारत-पाकिस्तान सामना असला की हा प्रश्न चहाच्या टपरीवर येतो, स्टाफरूममध्ये येतो, कधी हसत येतो, कधी नुसत्या नजरेने. उर्दू शाळेत मराठी शिकवता शिकवता माझी निम्मी नोकरी झाली. या प्रश्नाची सवय झाली आहे, उत्तरही पाठ आहे. पण उत्तर पाठ करून बसलेला माणूस सामना नीट बघू शकत नाही, हे ज्याला कधी विचारलं गेलं नाही त्याला समजणार नाही. विकेट पडली तेव्हा आपण खुर्चीतून उठलो की नाही, उठलो तर पुरेसे उठलो की नाही, याकडे आपलंच अर्धं लक्ष असतं. म्हणून चारचौघांत क्रिकेट बघणं मी जवळजवळ सोडलं आणि कबड्डीचा झालो.

कबड्डी आमच्या मेहकरकडे काही नवीन नाही. उरूस असो, जत्रा असो, काळ्या जमिनीवर पाणी मारून, फक्कीने रेषा आखून सामने होतात, आणि संघात मोहल्ल्यातली पोरं आणि वाडीवरची पोरं मिसळून असतात. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा तोच खेळ टीव्हीवर रंगीत मॅटवर आला. महाराष्ट्राचे दोन संघ, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. मी पलटण धरली. वऱ्हाडी माणसाने स्वतःला पुणेरी म्हणवून घ्यावं यासारखा विनोद नाही, आणि माझ्या सहकाऱ्यांनी तो पुरेपूर करून घेतला. "सर, आता दुपारी एक ते चार घरी भेटायला येऊ नये का?" वगैरे. पण विदर्भाचा संघच नाही, तर माणसाने जावं कुठे?

पुढे पलटणमध्ये अस्लम इनामदार आला. नगर जिल्ह्याचा पोरगा, चढाई करतो आणि पकडीतही उभा राहतो, अंगात नाटक कमी आणि डोकं जास्त. त्याच्या कप्तानीखाली पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्या रात्री आमच्या घरी मिठाई आली होती. ती अस्लमसाठी की पलटणसाठी, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. या प्रश्नाकडे पुढे परत यावं लागणार आहे.

त्याआधीची एक गोष्ट. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊचे आशियाई खेळ, कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. भारताच्या संघात अस्लम. समोर इराणचा कप्तान फझल अत्राचली आणि डाव्या कोपऱ्याचा मोहम्मदरेझा शादलुई. सामन्यात राखीव क्षेत्राच्या नियमावरून असा घोळ झाला की खेळ बराच वेळ बंद पडला, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले, आणि शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. ओळखीतल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "आज तुमची पंचाईत झाली असेल, नाही का? इकडेही तुमचे, तिकडेही तुमचे." विचारणारा वाईट माणूस नाही. माझी पंचाईत झाली होती ती एवढीच, की २०१८ ला जकार्तात इराणने उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असं लोळवलं होतं, त्याचा हिशोब मला चुकता झालेला बघायचा होता आणि पंच सामना सुरूच करत नव्हते.

दोन महिन्यांनी काय झालं? तोच शादलुई पुणेरी पलटणच्या केशरी जर्सीत अस्लमच्या शेजारी उभा राहिला. पलटणने लिलावात त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं होतं. ऑक्टोबरात समोरासमोर, डिसेंबरात एका संघात, हंगामाच्या शेवटी एका करंडकाला दोघांचे हात. मला या लिलावाचं एक बरं वाटतं. निष्ठा कुठून आली ते तिथे उघड लिहिलेलं असतं, रकमेसकट. आणि तरीही लोक जीव तोडून ओरडतात. म्हणजे माणसाचं एखाद्या संघाशी नातं जुळायला रक्त, धर्म, जन्मगाव यातलं काहीच सक्तीचं नसतं.

जकार्ताचाच दुसरा किस्सा आमच्याकडे फारसा कोणाला आठवत नाही. २०१८ ला महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला हरवलं, २७-२४. त्या इराणी मुलींना तयार करणाऱ्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या. मराठी बाईने शिकवलेल्या मुलींनी भारताचं सोनं नेलं, आणि आपल्याकडे त्यांचं कौतुकच झालं. योग्यच झालं. शिक्षकाने शिकवावं, समोर कोण बसलंय ते बघू नये. मी फक्त एवढंच मनात म्हणालो, की हे मोठं मन सगळ्यांच्या वाट्याला यावं.

तर, टीव्हीवर दहा वर्षं बघितलेला हा खेळ एकदा डोळ्यांनी बघायचा होता. २०२४ च्या अकराव्या हंगामाचा शेवटचा टप्पा पुण्यात, बालेवाडीला होता. माझा भाचा तिकडेच नोकरीला आहे. त्याने मोबाइलवरून अंतिम सामन्याची दोन तिकिटं काढली, २९ डिसेंबर, रविवार. सोमवारची किरकोळ रजा टाकली. तोवर घडलं होतं असं, की अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाच्या मध्येच बाहेर गेला, पलटण पहिल्या सहातही आली नाही, आणि अंतिम सामना ठरला हरियाणा स्टीलर्स विरुद्ध पाटणा पायरेट्स. घरच्या मैदानावर घरचं कोणीच नाही. भाचा म्हणाला, "मामू, अब क्या करना? कॅन्सल?" मी म्हटलं, लग्नाला जायचं तर नवरा आपल्याच घरचा असायला पाहिजे असं कुठे आहे?

मेहकरहून पुणं म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर आमच्याच सिंदखेड राजा तालुक्यात नागपूरहून पुण्याला जाणारी बस पेटून २५ माणसं गेली. तेव्हापासून अम्मी मला रात्रीच्या गाडीने जाऊ देत नाही. चाळिशी उलटलेल्या मुलाला अजून परवानगी लागते. म्हणून शनिवारी सकाळची एसटी धरली, जालना, संभाजीनगर, नगर करत दिवस काढला. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल पुण्याच्या अगदी कडेला आहे, मुंबई-बंगळुरू महामार्गाला लागून. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेलं. आजूबाजूला आता उंच इमारती, मेट्रोचे खांब आणि बांधकामाची धूळ. पेठांमधलं पुणं इथून इतकं लांब, की रिक्षावाला "शहरात जायचंय का?" असं विचारतो.

गेटवर जाण्याआधी भाचा जरा घुटमळला. "मामू, टोपी जेब में रख लो ना." मी त्याला रागावलो नाही. तो कंपनीच्या बसमध्ये काय ऐकतो, खोली भाड्याने घेताना त्याला काय ऐकावं लागलं, ते मला माहीत आहे. त्याचा सल्ला भित्रेपणाचा नव्हता, अनुभवाचा होता. मी टोपी काढली नाही, एवढंच. मगरिब खोलीवरच पढून निघालो होतो, डोक्यावर होती ती तशीच राहिली.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे सभागृह किती लहान आहे. टीव्हीवर अजस्र वाटतं. प्रत्यक्षात ते बॅडमिंटनचं सभागृह, मधोमध तेरा बाय दहा मीटरची मॅट, आणि आपण इतके जवळ की चढाई करणाऱ्याचा पाय घासल्याचा चिर्रर्र आवाज ऐकू येतो. बाकी गोंगाट होताच. दिवे, ढोल, डीजे, पडद्यावर "आवाज!" आमच्याकडचे काही बुजुर्ग या नाचगाण्यावरून मला दोन शब्द सुनावतील, त्यांनी सुनवावे. पण सामना सुरू झाला की आवाज मागे पडतो.

टीव्हीचा कॅमेरा चढाई करणाऱ्याच्या मागे धावतो. त्यामुळे कबड्डी एका माणसाचा खेळ वाटतो. तिथे बसल्यावर कळतं की तो सात जणांचा, खरं तर हातांचा खेळ आहे. कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा एकमेकांचं मनगट धरून उभे असतात, आणि बोटांच्या दाबावर ठरतं की आता पुढे जायचं की मागे सरायचं. हे कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. पाटण्याच्या देवांकने त्या हंगामात चढाईचे तीनशेहून जास्त गुण घेतले होते. त्या रात्री त्याला अवघे पाच मिळाले. त्याचं कारण मला रांगेतून दिसत होतं. हरियाणाची पोरं त्याला बोनस रेषेकडे येऊ देत, पाय लांब पडेपर्यंत कोणी हलत नसे, आणि मग डाव्या कोपऱ्यातून कोणीतरी घोट्याला जाऊन बिलगे.

डाव्या कोपऱ्यात कोण? शादलुई. पलटणने त्याला सोडलं होतं आणि हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतलं होतं.

माझ्या डाव्या हाताला चिंचवडचे एक काका होते, कंपनीतून निवृत्त झालेले, कपाळावर गंध, सोबत नातू. मध्यंतराला त्यांनी विचारलं, "कुठून आलात?"

"मेहकर. बुलढाणा जिल्हा."

"बाप रे! म्हणजे लोणारच्या तिकडे? एवढ्या लांबून कबड्डीला?" मग माझ्याकडे पुरतं वळून, "आणि कोणाच्या बाजूने?"

आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मला कोणीतरी फक्त त्याच्या अर्थाने विचारला होता. हरियाणा की पाटणा, एवढंच. सवयीने माझ्या तोंडाशी पाठ उत्तर आलं होतं, ते गिळलं आणि खरं सांगितलं, "पाटणा. देवांकसाठी."

काका नाराज झाले. "अहो पाटणा काय पाटणा! शादलू आपला आहे. गेल्या वर्षी आपल्याला करंडक दिलाय त्याने. तुम्ही त्याला सोडून बिहारच्या बाजूने?" नातवाने तर माझ्याकडे गद्दाराकडे बघावं तसं बघितलं. भाचा इतका हसला की त्याच्या हातातली पॉपकॉर्नची पिशवी सांडली. त्याला पुढे काही समजवावं लागलं नाही. एक गंधवाला पुणेकर इराणच्या पोराला "आपला" म्हणत होता आणि एका टोपीवाल्याला त्याच्याशी बेइमानी केल्याबद्दल झापत होता.

हरियाणा ३२-२३ ने जिंकली. त्यांच्याकडून सगळ्यात जास्त गुण घेतले ते शिवम पटारे या मराठी पोराने, नऊ, आणि शादलुईने सात. मी पैजेचा चहा पाजला.

आता मला माहीत आहे, काही वाचक म्हणतील की सर, एका संध्याकाळीवरून एवढं? नाही. एका संध्याकाळीवरून मी समाजाचा निकाल लावत नाही. तेच काका निवडणुकीत कोणाला मत देतात, त्यांच्या सोसायटीत भाच्याला खोली मिळेल की नाही, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही. माझं म्हणणं लहान आहे. माणसाला आठवड्यातले काही तास नुसता प्रेक्षक होता आलं पाहिजे, समाजाचा वकील नव्हे, आरोपीही नव्हे. तिकीट काढून बसलेला एक गृहस्थ, ज्याचा अंदाज चुकला आणि ज्याने चहा पाजला. हे टीव्हीसमोर एकट्याने होत नाही. त्याला शेजारी अनोळखी माणूस लागतो.

आणि इथे आपल्याच लोकांशी भांडायचं आहे. पलटण जिंकली त्या रात्री माझ्या मोबाइलवर वीस-पंचवीस स्टेटस आले. बहुतेकांचा सूर एकच, देखो, हमारा अस्लम, अब बोलो. कोणाला म्हणतोय आपण "अब बोलो"? ज्याला बोलायचं आहे तो उद्या पुन्हा बोलणारच. आपण मात्र त्या पोराच्या खांद्यावर आपली फाइल ठेवून मोकळे झालो. त्याने चढाई करताना तीस सेकंदांत सात जणांकडे बघायचं, की कोट्यवधी लोकांच्या देशभक्तीचा दाखलाही मिळवायचा? तो जिंकला तर पुरावा, आणि गुडघा दुखावून हंगामाबाहेर बसला तर? तेव्हा एकही स्टेटस आला नाही. दुखावलेला गुडघा पुराव्याच्या कामाचा नसतो.

कॅनडात असलेला माझा एक जुना विद्यार्थी आइस हॉकी बघतो. त्याने मला नाझेम कादरीबद्दल सांगितलं. लेबनीज घरातला, ऑन्टारिओतल्या लंडन या गावचा. २०२२ च्या मे महिन्यात एका सामन्यात समोरच्या संघाच्या गोलरक्षकाशी त्याची धडक झाली, गोलरक्षक जखमी झाला, आणि कादरीला धर्मावरून आणि वंशावरून शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या. पुढच्याच सामन्यात त्याने तीन गोल केले. त्याच्या कोलोरॅडो संघाने स्टॅनली कप जिंकला आणि तो करंडक जिंकणारा तो पहिला मुसलमान ठरला. तिकडे प्रत्येक विजेत्या खेळाडूला करंडक एक दिवस आपल्या गावी न्यायला मिळतो. कादरीने तो आपल्या गावच्या मशिदीत नेला. आपल्या मोहल्ल्यातला मुलगा मोठी वस्तू घेऊन घरी आला म्हणून पोरंटोरं भोवती जमली, म्हाताऱ्यांनी हात लावून बघितला. हा आनंद मला कळतो. अस्लम नगरला करंडक घेऊन आला असता तर मीही एसटीने गेलो असतो. आपलेपणा वेगळा आणि दाखला वेगळा. आमच्या घरच्या मिठाईत दोन्हीची भेसळ होती की काय, यावर मी अजून विचार करतो.

शाळेतली गोष्ट सांगतो. माझ्या वर्गातल्या मुलांचं मराठी पुस्तकात अडतं. घरी दखनी-वऱ्हाडी उर्दू, शाळेत उर्दू, बाहेर मराठी, पण बाहेर ती जातात कुठे? बाजारात, आणि मैदानावर. चढाई, पकड, लोण, पंच, गुण, निदान रेषा, दम लागणे, बाद होणे, जीवदान मिळणे, हे शब्द त्यांना मी शिकवलेले नाहीत. तालुक्याच्या स्पर्धेत पंचाशी हुज्जत घालताना ते आले. जो मुलगा निबंधात चार ओळींच्या पुढे जात नाही, तो "सर, त्याचा पाय रेषेला लागलाच नव्हता, मी समोरच उभा होतो" हे वाक्य एका दमात आणि बिनचूक बोलतो. माझी बीएडची पदवी मला हे शिकवू शकली नाही. मराठी त्याला परकी वाटते असं म्हणणाऱ्याने त्याला हरताना बघावं.

या मुलांना बालेवाडीला न्यायचा विचार माझ्या मनात होता. बाराव्या हंगामाचं, २०२५ चं, वेळापत्रक आलं. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. महाराष्ट्राचे दोन संघ आणि महाराष्ट्रात एकही सामना नाही. पुण्याच्या संघाने अंतिम फेरी गाठली, ती पुण्याने दिल्लीच्या सभागृहातून टीव्हीवर बघितली. ३१ ऑक्टोबरला दबंग दिल्लीने पलटणला ३१-२८ असं हरवलं. दिल्लीकडून डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली होता, जो कधीकाळी पलटणचाच कप्तान होता. वाईट वाटलं, पण कोणाला शिव्या द्याव्या हेही ठरेना.

सगळा ताफा एका गावातून दुसऱ्या गावात हलवण्यापेक्षा चार ठिकाणी तळ ठोकणं आयोजकांना स्वस्त आणि सोयीचं, हे मला समजतं. कॅमेऱ्याला सभागृह कुठलं आहे याने फरक पडत नाही. पण संघाच्या नावात पुणे आणि मुंबई लिहायचं, जर्सी विकायच्या, आणि घर द्यायचं नाही, हा व्यवहार बरोबर नाही. आइस हॉकीच्या त्या मोठ्या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या ८२ सामन्यांपैकी ४१ घरच्या मैदानावर होतात. आम्हाला एक्केचाळीस नकोत.

विदर्भाचं तर विचारूच नका. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी परक्या लोकांसमोर कबड्डी खेळून दाखवली ती अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने, म्हणजे आमच्याच विभागातल्या लोकांनी. प्रो कबड्डी नागपूरला आली २०१७ साली, मानकापूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये, आणि तेव्हा ते घर होतं बंगळुरू बुल्सचं! बंगळुरूला जागा मिळाली नाही म्हणून नागपूर त्यांचं घर झालं. आमच्या वाट्याला पाहुणचार आला, संघ नाही.

मानकापूरचं स्टेडियम जागेवर आहे. मेहकरजवळ समृद्धीवर चढलं की नागपूर दिवसाउजेडी गाठता येतं, अम्मीचीही हरकत नाही. पलटणचे चार सामने तिथे ठेवले तर एक शाळेची बस मी भरून आणतो. नववीची बावीस मुलं आत्ताच नाव देऊन बसली आहेत. त्यातली अर्धी यू मुंबाच्या बाजूने आहेत, आणि त्यावरून वर्गात रोज भांडणं होतात.